नातवंडांचे मुरूम आणि रात्रीचे मलम
डॉक्टरांनी दिलेले रेटिनॉइड मलम कसे काम करते, पहिल्या काही आठवड्यांत चेहरा अधिक का बिघडल्यासारखा वाटतो आणि अशा वेळी घरातील ज्येष्ठांनी काय करावे

घरातले दहावी-बारावीचे नातवंड आरशासमोर अधिक वेळ रेंगाळू लागले, कपाळावर केस ओढून घेऊ लागले, लग्नसमारंभात छायाचित्राची वेळ आली की मागच्या रांगेत सरकू लागले, तर ते बहुधा सर्वांत आधी आपल्याच लक्षात येते. आईवडील नोकरीच्या धावपळीत असतात. मुलांच्या चेहऱ्याकडे निवांत पाहण्याइतका वेळ आजी-आजोबांपाशी असतो. मग सल्लेही सुरू होतात. ‘तेलकट खाऊ नकोस’, ‘मसूर डाळीचे पीठ लाव’, ‘वय सरले की आपोआप जातील.’ या बोलण्यामागची माया खरी असते. मात्र मुरमांविषयी गेल्या पन्नास-साठ वर्षांत जे कळले आहे, ते आपल्या तरुणपणी कोणाला ठाऊक नव्हते.

पुढे मुलाला किंवा मुलीला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले जाते. घरी एक लहानशी नळी येते. ‘रात्री, वाटाण्याएवढे, एक दिवसाआड’ एवढीच सूचना चिठ्ठीवर असते. पंधरा दिवसांत चेहऱ्याची सालपटे निघू लागतात, त्वचा लालसर होते, चार नवे मुरूमही उठतात. घरात चलबिचल होते. ‘हे औषध भाजते आहे, बंद कर’ असे कोणीतरी म्हणते, आणि उपचार नेमका तिथेच तुटतो. तो तुटू नये, आणि जिथे खरोखरच थांबायला हवे तिथे मात्र थांबता यावे, यासाठी या मलमाची नीट ओळख करून घेऊ या.

मुरूम म्हणजे काय?

आपल्या त्वचेवरील प्रत्येक केसाच्या मुळाशी एक सूक्ष्म नळी असते आणि तिला लागून तेल स्रवणारी ग्रंथी असते. चेहरा, छाती आणि पाठ या भागांत या ग्रंथी मोठ्या व संख्येने पुष्कळ असतात. वयात येताना शरीरातील अँड्रोजेन संप्रेरके वाढतात, ग्रंथी अधिक तेल पाझरू लागतात. त्याच वेळी नळीच्या आतल्या अस्तराच्या मृत पेशी सुट्या होऊन बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात आणि तोंडाशी बूच बसते. हे बूच डोळ्यांना दिसतही नाही, एवढे लहान असते. पुढे तेच वाढून पांढरा किंवा काळा ठिपका होतो. अडकलेल्या तेलावर त्वचेतलेच जिवाणू पोसले जातात, दाह सुरू होतो आणि लाल, दुखरा मुरूम उठतो.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, काळा ठिपका म्हणजे मळ नव्हे. हवेशी संपर्क आल्याने आणि त्वचेतील रंगद्रव्यामुळे बुचाचे टोक काळे दिसते. चेहरा घासून ते जात नाही. दुसरी, आज दिसणाऱ्या मुरमाची सुरुवात काही आठवडे आधीच झालेली असते. म्हणून केवळ दिसणाऱ्या पुटकुळीवर औषध लावणे म्हणजे गळते छप्पर तसेच ठेवून खाली बादल्या मांडण्यासारखे आहे. रेटिनॉइड मलम छपराची दुरुस्ती करते.

‘अ’ जीवनसत्त्वाचे भावंड

रेटिनॉइड हा ‘अ’ जीवनसत्त्वाशी नाते सांगणाऱ्या औषधांचा गट आहे. त्यातील सर्वांत जुने म्हणजे ट्रेटिनोइन. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली मुरमांवरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला, आणि १९७१ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने त्यास मान्यता दिली. या इतिहासाची एक काळी बाजूही आहे. क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांवर वर्षानुवर्षे त्वचाप्रयोग केले. कैद्यांपैकी बहुसंख्य कृष्णवर्णीय होते आणि प्रयोगांची पुरेशी कल्पना त्यांना दिली जात नव्हती. फिलाडेल्फिया शहराने २०२२ मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. औषध गुणकारी ठरले, म्हणून ते ज्या मार्गाने आले तो मार्ग योग्य ठरत नाही.

पुढे १९९६ मध्ये अ‍ॅडापॅलीन आले. ते त्वचेला तुलनेने कमी झोंबते आणि उजेडात टिकून राहते. टॅझारोटीन हे आणखी एक, काहीसे तीव्र औषध. आपल्याकडे ट्रेटिनोइन बहुधा ०.०२५ किंवा ०.०५ टक्के आणि अ‍ॅडापॅलीन ०.१ टक्के या प्रमाणात दिले जाते. आकडा मोठा म्हणजे औषध चांगले, असे मानू नये. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत दाह झाला की मागे काळे डाग राहतात. तो दाह मुरमाचा असो वा मलमाचा, डाग सारखाच पडतो. म्हणून डॉक्टर कमी प्रमाणापासून सुरुवात करतात.

हे मलम पेशींच्या आत जाऊन त्यांच्या वाढीचा आणि गळण्याचा क्रम सुधारते. चिकटून बसणाऱ्या पेशी सुट्या होतात, जुनी बुचे निघतात, नवी बसत नाहीत, दाहही ओसरतो. यावरून कोणी गाजर भरपूर खाण्याचा किंवा ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेण्याचा मार्ग सुचवील, तर तो नाकारावा. गाजर खाण्याने अपाय नाही; पण त्याने मुरूम जात नाहीत. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या मात्र यकृताला अपाय करू शकतात.

लावण्याची रीत

या औषधाचे निम्मे यश ते कसे लावले यावर अवलंबून असते. रात्री सौम्य फेसवॉशने चेहरा धुवावा, घासू नये. मऊ पंचाने टिपावा. त्वचा पूर्ण कोरडी होण्यासाठी पंधरा-वीस मिनिटे थांबावे, कारण ओलसर त्वचेत औषध अधिक शिरते आणि अधिक झोंबते. मग वाटाण्याच्या दाण्याएवढे मलम बोटावर घ्यावे. कपाळ, दोन्ही गाल, नाक आणि हनुवटी असे पाच ठिपके द्यावेत व हलक्या हाताने पसरावे. एवढेच सगळ्या चेहऱ्याला पुरते. जास्त लावल्याने मुरूम लवकर जात नाहीत, आग मात्र लवकर होते.

मलम केवळ मुरमावर नव्हे, तर मुरूम येणाऱ्या सर्व भागावर लावायचे असते. कारण डोळ्यांना न दिसणारी बुचे तिथेच दडलेली असतात. डोळ्यांभोवतीची त्वचा, नाकपुड्यांच्या खाचा आणि ओठांचे कोपरे टाळावेत. शेवटी हात धुवावेत. त्वचा कोरडी पडत असेल तर साधे, सुगंधविरहित मॉइश्चरायझर मलमाच्या आधी किंवा नंतर लावता येते. पहिले दोन-तीन आठवडे एक दिवसाआड, आणि सोसू लागले की रोज, असा क्रम बहुतेक डॉक्टर सांगतात.

रात्रीच का? एक तर ट्रेटिनोइन उजेडात निकामी होते. शिवाय हे मलम वापरणाऱ्याची त्वचा उन्हाला हळवी होते. म्हणून सकाळी घराबाहेर पडताना किमान एसपीएफ ३० असलेले सनस्क्रीन, आणि दुपारच्या उन्हात टोपी, ओढणी किंवा छत्री ही या उपचाराचीच दुसरी बाजू आहे. बेन्झॉइल पेरॉक्साइडची जेलही दिलेली असेल, तर ती बहुधा सकाळी लावायला सांगतात. जुन्या पद्धतीचे ट्रेटिनोइन तिच्यासोबत एकाच वेळी लावल्यास निष्प्रभ होते. या जेलने टॉवेल आणि उशीचे अभ्रे पांढरट पडतात. तेव्हा घरातला रंगीत टॉवेल विटलेला दिसला तर मुलांना रागावू नये. पांढरा टॉवेल काढून द्यावा.

पहिले बारा आठवडे

पहिल्या दोन ते चार आठवड्यांत कोरडेपणा, किंचित लाली, बारीक सालपटे आणि सौम्य चुरचुर होणे अपेक्षित असते. याच काळात काहींचे मुरूम वाढल्यासारखे दिसतात, कारण आत दडलेली बुचे भराभर वर येतात. चुरचुर सोसवत नसेल तर औषध कायमचे बंद करण्याऐवजी दोन-तीन रात्री विश्रांती द्यावी, मग आठवड्यातून दोनदा लावून पुन्हा हळूहळू वाढवावे आणि डॉक्टरांना कळवावे.

साधारण आठव्या आठवड्यापासून फरक जाणवू लागतो आणि बाराव्या आठवड्याला औषधाचे खरे मूल्यमापन करता येते. तिसऱ्या आठवड्यात बंद केलेल्या उपचारात त्रास सगळा भोगून झालेला असतो आणि लाभ मात्र पदरात पडलेला नसतो. मुरूम गेल्यावरही डॉक्टर हे मलम काही महिने चालू ठेवायला सांगतात. ते नवी बुचे बसू नयेत यासाठी असते.

पण सारेच सोसायचे नसते. चेहरा सुजला, पापण्या फुगल्या, फोड येऊन पाणी वाहू लागले, आग दिवसभर थांबेना किंवा अंगावर गांधी उठल्या, तर मलम थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावे. मोठ्या, खोल, दुखऱ्या गाठी आणि खड्डे पाडणारे व्रण असतील तर केवळ मलमावर विसंबून वेळ दवडू नये. पडलेला खड्डा पुढे पूर्णपणे भरून येत नाही. मुलीच्या मुरमांबरोबर पाळी अनियमित असेल आणि हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएसची शक्यता तपासून घ्यावी.

त्याच डब्यातले दुसरे मलम

येथे आपण विशेष सावध राहावे, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. औषधाच्या दुकानात ‘मुरमांवर काहीतरी द्या’ असे म्हटले, किंवा शेजारणीने ‘आमच्या मुलीला चार दिवसांत गुण आला’ असे सांगितले, की अनेकदा हाती येते ते तीन औषधांचे मिश्रण: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि एक स्टेरॉइड. अशा मिश्रणाचे मूळही क्लिगमन यांच्याच १९७५ मधील एका सूत्रात आहे. वांगासारख्या काळ्या डागांवर, डॉक्टरांच्या नजरेखाली आणि थोड्या आठवड्यांसाठी, ते उपयुक्त ठरते. आपल्याकडे मात्र ते मुरमांवर आणि गोरेपणासाठी महिनोन्महिने फासले जाते.

स्टेरॉइडमुळे लाली दोन दिवसांत मावळते, चेहरा उजळ दिसतो आणि घरातले सगळे खूश होतात. नंतर त्वचा पातळ होते, गालांवर लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते आणि स्टेरॉइडमुळेच नवे मुरूम येतात. मलम थांबवताच चेहरा लालबुंद होऊन आग करतो, म्हणून पुन्हा तेच लावले जाते. हे चक्र इतके पसरले की त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याविरुद्ध मोहीम हाती घेतली, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीखेरीज होऊ नये असा नियम केला. नियम आहे, पण दुकानाच्या फळीवरून ती नळी आजही सहज हाती पडते.

म्हणून आज एक काम करावे. चष्मा लावून घरातील मलमांच्या सर्व नळ्यांवरील बारीक अक्षरे वाचावीत, किंवा नातवंडांकडून वाचून घ्यावीत. बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव असलेले मलम कोणी चेहऱ्यावर लावत असेल, तर डॉक्टरांना नळीसकट दाखवावे. महिनोन्महिने वापरले असल्यास ते स्वतःहून एकदम सोडू नये. कसे सोडायचे तेही डॉक्टरच सांगतील.

कोणी लावू नये

गर्भवती स्त्रीने आणि गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रीने रेटिनॉइड मलम वापरू नये. त्वचेतून रक्तात जाणारा अंश अल्प असला, तरी पोटातल्या बाळाच्या बाबतीत जोखीम घेत नाहीत. घरात नवी सून असेल आणि ती असे मलम लावत असेल, तर सासूबाईंनी संकोच न करता ही गोष्ट तिला एकांतात सांगावी. याच गटातील आयसोट्रेटिनोइनच्या पोटात घेण्याच्या गोळ्या याहून कितीतरी पटींनी धोकादायक आहेत. त्यांनी गर्भात गंभीर व्यंगे निर्माण होतात. त्या केवळ तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, रक्ततपासणी करूनच घ्यायच्या असतात. गोळ्या चालू असताना आणि त्या संपल्यावर एक महिना गर्भधारणा टाळावी लागते. तेवढा काळ रक्तदानही करता येत नाही.

एक्झिमा असलेल्या, भाजलेल्या किंवा चिरलेल्या त्वचेवर हे मलम लावू नये. उपचार चालू असताना चेहऱ्यावर वॅक्सिंग करू नये. साल निघून जखम होते.

आपल्या स्वतःच्या चेहऱ्याविषयी

नातीची नळी पाहून ‘सुरकुत्यांवरही हे चालते म्हणे’ असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. ते खरेही आहे. मुरमांसाठी मलम लावणाऱ्या प्रौढ स्त्रियांनी त्वचा नितळ झाल्याचे सांगितले, त्यावरून पुढे अभ्यास झाले आणि १९९५ मध्ये अमेरिकेत ट्रेटिनोइनला उन्हाने आलेल्या बारीक सुरकुत्यांसाठीही मान्यता मिळाली. परंतु उतारवयातील त्वचा पातळ आणि कोरडी असते. शिवाय रक्तदाबावरील हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा हृदयासाठीचे अ‍ॅमिओडॅरोन यांसारखी काही औषधे त्वचेला आधीच उन्हाबाबत हळवी करतात. म्हणून दुसऱ्याची नळी उसनी घेऊ नये. आपली औषधांची यादी दाखवून स्वतःसाठी स्वतंत्र सल्ला घ्यावा.

वर्षानुवर्षे उन्हात काम केलेल्या, विशेषतः धूम्रपान करणाऱ्या ज्येष्ठांच्या डोळ्यांच्या कडेला काळ्या ठिपक्यांची दाटी दिसते. ती निरुपद्रवी असते आणि रेटिनॉइडने कमी होऊ शकते. मात्र साठीनंतर अचानक छाती-पाठीवर एकसारख्या आकाराच्या पुटकुळ्या उठल्या, तर नव्याने सुरू झालेल्या औषधांचा विचार करावा. प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइड गोळ्यांनी असे होते. त्या गोळ्या मात्र मनाने कधीही बंद करू नयेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे: नाकावर, गालावर किंवा कानाजवळ मोत्यासारखी चमकणारी, अधूनमधून रक्त येणारी, खपली धरून पुन्हा उकलणारी ‘पुटकुळी’ महिनाभरात बरी झाली नाही, तर ती मुरूम समजून मलम लावत बसू नये. हा त्वचेचा कर्करोग असू शकतो. वेळेत दाखवल्यास तो बहुधा छोट्या शस्त्रक्रियेने पूर्ण बरा होतो. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची शुश्रूषा करणाऱ्यांनी तोंड पुसताना अशी जागा अवश्य न्याहाळावी.

घराने काय करावे?

लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट आणि डाळीच्या पिठाचे घर्षण हे सारे मलम चालू असेपर्यंत बाजूला ठेवावे. तेलकट पदार्थांनी मुरूम होतात, यास भक्कम आधार नाही. गोड पेये, मैद्याचे पदार्थ आणि काही प्रमाणात दूध यांच्याशी संबंध असल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. पण मुलांचे ताट हा रोजच्या भांडणाचा विषय करू नये. व्यायामशाळेत जाणारा नातू प्रथिनांची पूड घेत असेल, तर ते डॉक्टरांच्या कानावर घालावे. आणि आपल्या हाताच्या तेलाविषयी: डोक्यावर थापलेले तेल रात्रभर कपाळावर उतरते आणि तिथली रंध्रे बुजवते. चंपी अवश्य करावी, पण न्हाण्याआधी तासभर.

ही नळी बेसिनशेजारी ठेवू नये. डोळ्यांचे मलम, सांधेदुखीची जेल आणि हे मलम यांच्या नळ्या सारख्याच दिसतात. कमी दिसणाऱ्याची गफलत व्हायला वेळ लागत नाही. नळीवर ठळक अक्षरांत नाव लिहावे, आणि ती उजेडापासून दूर, थंड जागी वेगळ्या डब्यात ठेवावी.

शेवटची गोष्ट औषधाची नाही. मुरमांनी वाढत्या वयातली मुले किती खचतात, याची मोठ्यांना पुरेशी कल्पना नसते. चार पाहुण्यांत ‘चेहऱ्याचे काय करून घेतलेस?’ असे कोणी विचारले, की ते मूल पुढच्या समारंभाला यायचेच टाळते. चेहऱ्याचा उल्लेख आपणहून करू नये; दुसऱ्याने केला तर विषय बदलावा. शाळा-कॉलेज चुकवणे, जेवण तुटणे, एकटे राहणे किंवा जगण्याविषयी निराशेचे बोलणे दिसले, तर तो वयाचा लहरीपणा समजू नये. मन मोकळे करायला बसवावे आणि डॉक्टरांची मदत घ्यावी.

रोज रात्री जेवणानंतर आपण आपल्या गोळ्यांचा डबा उघडतोच. त्याच वेळी नातवंडाला त्याच्या मलमाची आठवण करून द्यावी. रक्तदाबाची गोळी एका दिवसात गुण दाखवत नाही, तरी ती आपण नेमाने घेतो. औषधाला वेळ द्यावा लागतो, हे घरात आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार?